इंग्लंडमधील खेड्यातले जुने चर्च कसे पाहावे

जालना, परभणी, लातूर, नांदेड इकडून मुला-मुलींकडे इंग्लंडला जाणारे आईवडील आता प्रत्येक तालुक्याच्या गावी भेटतात. व्हिसा साधारणपणे सहा महिन्यांचा असतो. लंडन पाहून होते, एकदोन मोठी शहरे पाहून होतात, आणि मग मुले कामावर व नातवंडे शाळेत गेली की दिवस खायला उठतो. भोकरदन तालुक्यात तीस वर्षे शिक्षकी करून मी मुलीकडे गेलो तेव्हा माझीही हीच अवस्था झाली होती. त्या दिवसांत मला खेड्यापाड्यांतली जुनी चर्चे पाहण्याचा छंद लागला, आणि ती कशी पाहावीत हे हळूहळू समजत गेले. ते येथे क्रमाने सांगत आहे. त्यासाठी इंग्रजी उत्तम यावे लागत नाही आणि धर्माची अडचण येत नाही. तिकीटही नसते. जुन्या बांधकामाकडे थांबून पाहण्याची सवय मात्र लागते, आणि अन्वा, होट्टल, धारासूर, माणकेश्वर अशी देवळे ज्यांच्या परिसरात आहेत त्यांना ती सवय लावून घेणे अवघड नाही.

आधी एक शब्द समजून घ्यावा. गावाच्या चर्चला तिकडे ‘पॅरिश चर्च’ म्हणतात. पॅरिश म्हणजे एका पाळकाच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या, देखरेखीखाली असलेला गाव आणि त्याचे शिवार. जन्म, लग्न आणि मृत्यू या तिन्ही वेळी त्या शिवारातील माणूस याच इमारतीत येत असे, आणि शतकानुशतके गोरगरिबांच्या पोटापाण्याची व गावच्या रस्त्यांची व्यवस्थाही पॅरिशच पाहत असे. म्हणजे आपल्याकडचे देऊळ आणि चावडी एका छपराखाली आणली तर जे होईल, त्याच्या जवळपास जाणारी ही संस्था होती. चर्च ऑफ इंग्लंडकडे आज सुमारे १६,००० चर्चे आहेत आणि त्यांतील हजारो मध्ययुगातली आहेत. त्यामुळे आपले मूल कोणत्याही भागात राहत असले तरी चारपाच मैलांच्या परिसरात सात-आठशे वर्षांचे एखादे चर्च बहुधा सापडतेच.

ते शोधण्यासाठी ऑर्डनन्स सर्व्हे या तिकडच्या सरकारी नकाशासंस्थेचा, पायी फिरणाऱ्यांसाठी काढलेला नकाशा घ्यावा, कारण त्यावर चर्चच्या खुणा स्पष्ट असतात. काळ्या चौकोनावर क्रूस असेल तर त्या चर्चला बुरूज आहे, काळ्या वर्तुळावर क्रूस असेल तर निमुळते शिखर किंवा घुमट आहे, आणि नुसता क्रूस असेल तर दोन्ही नाही. बसचे वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवावे आणि विशेषतः परतीची बस निश्चित करावी. खेड्यात दिवसाला दोन-तीनच बसगाड्या असतात आणि रविवारी बहुधा एकही नसते, हे मी भर पावसात चार मैल चालून शिकलो. रविवारी सकाळी उपासना असते. त्या वेळी जायचे असेल तर मागच्या बाकावर शांतपणे बसावे, फिरून पाहू नये. पाहण्यासाठी आठवड्यातला मधला दिवस आणि सकाळी अकरानंतरची वेळ चांगली. बरोबर स्वेटर ठेवावा, कारण जाड दगडी भिंतींच्या आत बाहेरच्यापेक्षा गारठा अधिक असतो. छताचे कोरीवकाम पाहायला साधी दुर्बीण आणि अंधाऱ्या कोपऱ्यांसाठी विजेरी एवढे सामान पुरे.

गावात पोहोचल्यावर लगेच चर्चमध्ये शिरू नये. आधी चर्च गावाच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. पुष्कळ ठिकाणी चर्च, जमीनदाराचा जुना वाडा आणि त्याचे खळे शेजारी शेजारी असतात, कारण मुळात चर्च त्या जमीनदारानेच आपल्या वाड्याजवळ बांधलेले असते. कधी चर्च शेतात एकटेच उभे असते आणि गाव अर्ध्या मैलावर असतो. असे दिसले की कोणीतरी १३४८–४९ च्या प्लेगचे नाव घेते, परंतु ते कारण फार सहज चिकटवले जाते. कित्येकदा गाव रस्त्याच्या सोयीने हळूहळू सरकलेला असतो, आणि काही ठिकाणी जमीनमालकाने मेंढ्यांच्या कुरणासाठी कुळे उठवलेली असतात. यॉर्कशरमधील व्हॅरम पर्सी येथे १५०० च्या सुमारास हेच घडले. तेथे आज गवताखाली घरांचे चौथरे आणि त्यांच्यामध्ये चर्चच्या पडक्या भिंती उरल्या आहेत. महसुली दप्तरातील ‘बेचिराख’ हा शब्द ज्यांनी वाचला आहे किंवा १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातली गावे नव्या जागी वसलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

चर्चच्या आवारात शिरताना अनेकदा छपराचे एक लाकडी फाटक लागते. त्याला ‘लिचगेट’ म्हणतात. ‘लिच’ हा प्रेतासाठीचा जुना इंग्रजी शब्द आहे. शवपेटी येथे टेकवून पाळकाची वाट पाहायची अशी रीत होती, तेव्हा हा त्यांचा विसावाच म्हणायचा. आत काळपट हिरवा, जाड बुंध्याचा यू वृक्ष दिसेल. काही यू वृक्ष शेजारच्या चर्चपेक्षाही जुने मानले जातात. नातवंडे बरोबर असतील तर एक काळजी अवश्य घ्यावी. यूची पाने आणि बिया विषारी असतात, आणि त्याची लाल फळे मुलांना खुणावतात.

आता मुख्य काम. चर्चला बाहेरून सावकाश एक प्रदक्षिणा घालावी, आणि ती घालताना नजर सांध्यांवर ठेवावी. खेड्यातले चर्च एका वेळी, एका आराखड्याने बांधलेले क्वचितच असते. पैसा आला तेव्हा गावाने बाजूचा भाग वाढवला, छत उंच केले, बुरूज चढवला. पैसा संपला तेव्हा काम अर्ध्यावर सोडले, आणि माणसे कमी झाली तेव्हा एखादी कमान बुजवून टाकली. हे सारे भिंतीवर राहिलेले असते. मुलीच्या घराजवळच्या चर्चच्या बुरुजावर, आजच्या छपराच्या हातभर वर, दोन तिरप्या रेघा एकमेकींना टेकलेल्या दिसत होत्या. त्या कशाच्या हे मला तीन फेऱ्यांनंतर उमगले. जुने छप्पर तेवढे उंच आणि उताराचे होते. पुढे ते उतरवून सपाट केले आणि त्याची खूण बुरुजावर राहून गेली. ही खूण समजली आणि मग त्याच भिंतीत बुजवलेला दरवाजा दिसला, त्याच्या शेजारी दगडांचे थर अचानक तुटून नवी भिंत जोडल्याची उभी रेघ दिसली. इतके दिवस मी ज्या भिंतीवरून जातायेता नुसती नजर फिरवली होती, ती पहिल्यांदाच वाचता आली.

दगडही पाहावा. आपल्याकडे सगळीकडे काळा पाषाण, म्हणून दगडाचा विचार करण्याची आपल्याला सवय नसते. इंग्लंडमध्ये दर पन्नास मैलांवर दगड बदलतो आणि चर्चचा रंग त्याबरोबर बदलतो. कॉट्सवोल्ड्समध्ये मधाच्या रंगाचा चुनखडक, तर नॉरफोकमध्ये गारगोट्यांसारखे दिसणारे चकमकीचे गोटे. नॉरफोकमध्ये चौकोनी कोपऱ्यांसाठी चांगला दगड मिळत नसे, म्हणून तेथे शंभराहून अधिक चर्चांचे बुरूज गोल आहेत असे सांगतात. काउंटी डरममधील एस्कम येथील सातव्या शतकातले छोटे चर्च तर जवळच्या पडक्या रोमन किल्ल्याचे दगड आणून बांधलेले आहे. एसेक्समधील ग्रीनस्टेडच्या चर्चची भिंत ओकचे उभे चिरलेले ओंडके लावून केलेली आहे, आणि ती लाकडे अकराव्या शतकातली ठरली आहेत.

काळ ठरवण्याची किल्ली खिडक्यांमध्ये आहे. चार आकार लक्षात ठेवले की पुरे. खिडकीची किंवा दाराची कमान अर्धगोल असेल, भिंत जाड आणि कमानीभोवती नागमोडी कोरीवकाम असेल, तर ते नॉर्मन काम, म्हणजे फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकले त्यानंतरचे, मुख्यतः बाराव्या शतकातले. अरुंद, उंच आणि भाल्याच्या पात्यासारखी टोकदार एकेरी खिडकी ही साधारण तेराव्या शतकाची खूण. त्याच खिडक्या रुंद होऊन वरच्या भागात दगडाची फुलापानांची जाळी आली की आपण १२५० ते १३५० च्या दरम्यान आलो. आणि जाळीतल्या दगडी पट्ट्या खालपासून थेट कमानीपर्यंत सरळ उभ्या जाऊ लागल्या, खिडक्या एवढ्या मोठ्या झाल्या की भिंतीपेक्षा काचच अधिक, तर ते १३५० नंतरचे, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतचे काम. हे वर्गीकरण टॉमस रिकमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केले आणि आजही तेच चालते. एक सावधगिरी मात्र बाळगावी. व्हिक्टोरिया राणीच्या काळात चर्चांचा जीर्णोद्धार इतक्या उत्साहाने झाला की पुष्कळ खिडक्या जुन्या नमुन्याबरहुकूम नव्याने घडवल्या गेल्या. दगडाच्या कडा धारदार आणि सगळ्या एकसारख्या दिसल्या तर त्या काळाची शंका घ्यावी. या अतिउत्साहाला विरोध म्हणून विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. जुने दुरुस्त करावे, परंतु नवे करून टाकू नये, हे तिचे म्हणणे होते. गावोगावच्या हेमाडपंती खांबांवर ऑइलपेंट फासलेला पाहून ज्यांचा जीव तुटतो, त्यांना हे म्हणणे लगेच पटेल.

एवढ्या मोठ्या खिडक्यांना पैसा कोठून आला, हा प्रश्न पडायला हवा. उत्तर पुष्कळदा मेंढी हे असते. पंधराव्या शतकात लोकर आणि लोकरीचे कापड यांच्या व्यापारातून नॉर्थलीच, लॅव्हनम, लाँग मेलफर्ड अशा लहान गावांत शहरालाही भारी वाटतील अशी चर्चे उभी राहिली. लॅव्हनमचा बुरूज १४१ फूट उंच आहे.

आत जाण्याचे दार बहुधा दक्षिणेला असते आणि त्यापुढे देवडी असते. देवडीच्या आसपासच्या दगडांवर मध्ये छिद्र आणि त्यातून निघालेल्या रेघा अशी वाटोळी खूण सापडते का ते पाहावे. छिद्रात काडी खोचून तिच्या सावलीवर उपासनेची वेळ ठरवत असत. दाराला लोखंडी कडे असते. ते ओढू किंवा ढकलू नये, फिरवावे, म्हणजे आतली खिटी वर उचलली जाते. कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे मिळेल याची चिठ्ठी सूचनाफलकावर लावलेली असते. जोडे काढायचे नाहीत, परंतु पुरुषांनी टोपी काढावी. दिव्याचे बटण दाराजवळ असते आणि काही ठिकाणी दिवे ठरावीक मिनिटांनी आपोआप विझतात.

आत गेल्यावर दिशा समजून घ्यावी. आपल्या कितीतरी देवळांत दार पूर्वेला असते आणि देवाचे तोंड उगवतीकडे असते. येथे वेदी पूर्वेच्या टोकाला असते आणि पूर्वेकडे तोंड असते ते भक्ताचे. पश्चिमेला बहुधा बुरूज, मध्ये लोकांनी बसण्याचा लांबट मंडप, त्याला ‘नेव्ह’ म्हणतात, आणि मोठ्या कमानीपलीकडे पाळकाचा व वेदीचा भाग, तो ‘चान्सेल’. सभामंडप आणि गाभारा हे नाते डोळ्यांसमोर ठेवले की मांडणी कळते. पूर्वी नेव्हची डागडुजी गावाने आणि चान्सेलची पाळकाच्या वतनाच्या उत्पन्नातून करायची अशी वाटणी होती. त्यामुळे कमानीच्या अलीकडे आणि पलीकडे कामाचा दर्जा वेगळा दिसला तर नवल नाही.

दारापाशीच बाप्तिस्म्याची दगडी कुंडी असते, कारण बाप्तिस्मा हा मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समाजात, प्रवेश. चर्चमधली ही अनेकदा सर्वांत जुनी वस्तू. भोवतीची इमारत दोनदा बदलते आणि कुंडी तीच राहते. तिच्या काठावर बोट फिरवून पाहावे. समोरासमोर दोन ठिकाणी दगड फुटून पुन्हा भरलेला किंवा गंजक्या लोखंडाचे तुकडे अडकलेले हाताला लागतात. कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी १२३६ मध्ये कुंड्यांना झाकण घालून कुलूप लावण्याची आज्ञा केली होती, कारण ते मंत्रलेले पाणी लोक जादूटोण्यासाठी चोरून नेतील अशी भीती होती. त्या कुलपांची ही निशाणी.

चान्सेलच्या दक्षिण भिंतीत एक छोटा कोनाडा आणि त्यात मध्ये भोक असलेली दगडी वाटी दिसेल. उपासनेची पवित्र भांडी धुतलेले पाणी त्यातून भिंतीच्या आत थेट जमिनीत मुरत असे, म्हणजे ते कोणाच्या पायाखाली येऊ नये. गाभाऱ्यातून तीर्थ वाहून नेणारी पन्हळ आणि ही वाटी यांमागची भावना मला सारखीच वाटते. कमानीशेजारी भिंतीत तिरपे आरपार भोक असेल, तर त्यातून डोकवावे. बाजूला बसलेल्यांना वेदी दिसावी म्हणून ते केलेले असते.

भिंती आज पांढऱ्या दिसतात, पण मध्ययुगात त्या चित्रांनी भरलेल्या असत. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख ठरवले, आणि त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत, १५४७ पासून, चित्रांवर चुना फिरवला गेला, मूर्ती फोडल्या गेल्या. पुढे १६४३–४४ मध्ये विल्यम डाउसिंग नावाचा माणूस अधिकारपत्र घेऊन सफोक आणि केंब्रिजशरमधल्या चर्चांतून फिरला आणि उरलेल्या मूर्ती व रंगीत काचा त्याने फोडवल्या. म्हणून खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात जुन्या काचेचे दोन-चार तुकडे, किंवा चेहरा छिन्नीने उडवलेला देवदूत दिसला तर तो नीट पाहावा. गंमत अशी की चुन्यानेच काही चित्रे टिकवली. शेंदराचे पूट गळून पडल्यावर आत रेखीव मूर्ती निघते, तसे चुन्याचे थर काढल्यावर मोठ्या कमानीवर अंतिम न्यायाच्या दिवसाचे चित्र निघाल्याची उदाहरणे आहेत.

भिंतींवरच्या संगमरवरी पाट्या वाचायला वेळ राखून ठेवावा. येथे आपला आणि त्यांचा इतिहास अचानक समोरासमोर येतो. एका चर्चमध्ये मद्रास फौजेतील एका तरुण अधिकाऱ्याची पाटी होती. बापाने लावलेली. मुलगा तापाने वारला त्या ठिकाणाचे नाव होते ‘जौलना’. दोनदा वाचल्यावर कळले की हे आपले जालना. तेथे मद्रास फौजेची छावणी होती आणि जुन्या इंग्रजी लिखाणात गावाचे नाव तसेच लिहीत. मी शंभर वेळा ज्या स्टँडवर उतरलो त्या गावाचे नाव सात हजार किलोमीटरवरच्या एका खेड्यात, एका बापाच्या दुःखाखाली कोरलेले होते. मी तेथे बराच वेळ उभा राहिलो. पाट्यांवर ‘असाय’ असा उल्लेख आला तर तो आपल्या जालना जिल्ह्यातील असईचा समजावा. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी, केळणा आणि जुई नद्यांच्या दुआबात, आर्थर वेलस्ली यांच्या फौजेची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई झाली, आणि काही ब्रिटिश पलटणी त्या नावाचे मानचिन्ह मिरवतात. १९१४–१८ च्या युद्धात पडलेल्यांची यादी तर जवळपास प्रत्येक गावात आहे. एकच आडनाव दोन-तीनदा आले तर ते बहुधा भाऊ किंवा चुलतभाऊ असतात. वेशीवरच्या वीरगळांसमोर आपण जसे थांबतो तसे येथे थांबावे.

ज्यांना नावांचा मागोवा घ्यायचा आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम आठव्या हेन्रीचे मंत्री टॉमस क्रॉमवेल यांनी १५३८ मध्ये काढला, आणि सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. तोवरचा आधार या वह्याच, जसा आपल्याला नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा. त्या आता बहुतेक जिल्ह्याच्या अभिलेखागारात असतात, चर्चमध्ये मागू नयेत. दुसरे असे की १७५२ पूर्वी इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला, म्हणजे आपल्या पाडव्याच्या आसपास सुरू होत असे. त्यामुळे जुन्या थडग्यावर फेब्रुवारीपुढे १७२०/२१ असे दोन आकडे दिसले तर ती चूक नव्हे. निजामी काळातल्या फसली सनाचे कागद ज्यांनी चाळले आहेत त्यांना असा हिशेब नवा नाही.

बुरुजाच्या तळाशी दोर टांगलेले असतील, त्यांच्या मध्यावर लोकरीची रंगीत, जाड पकड असते. त्यांना हात लावू नये. इंग्लंडमधल्या घंटा चाकावर बसवलेल्या असून पूर्ण वर्तुळात फिरतात. एखादी घंटा उलटी, तोंड वर करून ठेवलेली असली तर दोराला झटका देताच ती काही क्विंटलांची घंटा फिरते आणि दोर माणसाला उचलून आपटतो. वाजवण्याची तऱ्हा मात्र ऐकण्यासारखी आहे. त्यात चाल नसते, क्रम बदलत जातो. सहा घंटांचे ७२० क्रम होतात आणि एकही क्रम पुन्हा न येऊ देता ते सारे वाजवायला साधारण अर्धा तास लागतो.

निघताना दानपेटीत दोन-तीन पौंड टाकावेत, कारण छपराच्या दुरुस्तीचा खर्च आजही मुख्यतः त्या मूठभर गावकऱ्यांवरच पडतो. अभिप्रायाच्या वहीत आपले नाव आणि गाव मराठीतच लिहावे. दार ओढून घेण्याआधी आत एखादा पक्षी अडकला नाही ना हे पाहावे. बंद चर्चमध्ये तो पाण्यावाचून मरतो. किल्ली शेजारच्या घरातून घेतली असेल तर ती देताना घंटांचा सराव कोणत्या वारी असतो हे विचारून घ्यावे, आणि त्या संध्याकाळी पुन्हा येऊन आवारातल्या बाकावर बसावे.